नॉर्मल या शब्दाची उदाहरणे

९ जानेवारी

चि. चिंगीस,

खुशालीचे पत्र पोचले. माझे गुडघे सोडले तर तक्रार करण्यासारखे काही नाही, आणि गुडघ्यांची तक्रार गुडघे ऐकत नाहीत. म्हणून कामाचे लिहितो.

आपल्या बोलण्यात घर करून बसलेल्या इंग्रजी शब्दांचा जो लहानसा कोश मी विद्यार्थ्यांसाठी करतो आहे, तो 'न'पर्यंत येऊन 'नॉर्मल' या शब्दापाशी अडला आहे. मूळ शोधणे अवघड नव्हते. लॅटिनमध्ये 'नॉर्मा' म्हणजे सुताराचा गुण्या, काटकोन तपासण्याचे साधन. त्यावरून 'नॉर्मल' म्हणजे गुण्याला उतरणारे. भूमितीने हा अर्थ अजून जपला आहे: पृष्ठभागाशी काटकोनात उभी असलेली रेषा ती नॉर्मल. फळीला लावायचा हा गुण्या माणसाला कधी आणि का लावला गेला, एवढाच माझा प्रश्न आहे. इंग्रजीपुरते त्याचे उत्तर पुस्तकांत मिळेल. आपण त्या शब्दाचे काय करतो, हे मात्र कानांनीच गोळा करावे लागेल. मी चौथ्या मजल्यावरून खाली उतरत नाही. माझ्याशी बोलते ती एक स्वयंपाकाची बाई, आणि तिच्या तोंडी हा शब्द फक्त मिक्सरविषयी येतो.

तेव्हा उदाहरणे तू पाठव. वाक्य जसेच्या तसे असावे, कोण कोणास म्हणाले ते असावे, आणि नंतर काय झाले तेही असावे. हे शेवटचे गाळू नकोस. एखाद्या शब्दाचा अर्थ त्याच्या आधी काय घडले यापेक्षा त्याच्यानंतर काय घडले यावरून अधिक कळतो.

आपला धाकटा निवृत्तीला रुळला का?

दादा


१७ जानेवारी

दादा, नमस्कार.

तुझं पत्र वाचून बाबांची पंगत आठवली. शब्दाची व्याख्या ठरल्याशिवाय वाद घालायचा नाही हा त्यांचा नियम, आणि 'भूक म्हणजे काय' हे ठरेपर्यंत आपली ताटं गार. असो. उदाहरणं घे.

'प्रेशर एकदम नॉर्मल.' औषधाचा दुकानदार, मला. नंतर मी पिशवी उचलली आणि त्याने पुढच्या बाईचा दंड धरला.

'हा आवाज नॉर्मल आहे, घाबरू नका.' वॉशिंग मशीन दुरुस्त करणारा, मला. तो कोपऱ्यापर्यंत पोचायच्या आत मशीनने सगळं पाणी ओकलं.

'ताई, रागावू नका, पण तुमचा भाऊ नॉर्मल आहे ना?' समोरच्या शिंपीणबाई, मला, आपल्याच दारात. नंतर मी 'हो, अगदी' म्हणाले आणि दार लावून घेतलं.

त्यांनी असं विचारण्याचं कारण म्हणजे धाकट्याने भल्या सकाळी त्यांची कडी वाजवून सांगितलं, 'बाई, तुमच्या जिन्याखाली नळ फुटलाय.' पाणीखात्यात त्याचं काम काय होतं, हे तुला अर्धवटच ठाऊक असेल. रस्त्याखालच्या नळाला गळती लागली की ती दिसत नाही, ऐकू येते. हा एक लोखंडी सळई जमिनीला टेकवायचा, दुसऱ्या टोकाची वाटी कानाला लावायचा, आणि कुठे खणायचं ते सांगायचा. जन्मभर त्याने हेच केलं. आता काम सुटलं, पण सळई सुटलेली नाही. सकाळी निघतो तो अंधार पडायला येतो. कधी म्हणतो बाजाराच्या चौकात आवाज आहे, कधी शाळेच्या भिंतीत, कधी आपल्याच मोरीत. शिंपीणबाईंनी जिन्याखाली हात घालून पाहिला. सगळं कोरडं.

एवढी उदाहरणं पुरे ना?

चिंगी


२४ जानेवारी

चि. चिंगीस,

तिसरे उदाहरण अप्रतिम आहे. मी ते नोंदीच्या मध्यभागी ठेवणार.

त्यातले प्रश्नचिन्ह पाहा. शिंपीणबाई माहिती विचारत नाहीत. त्या निर्णय देतात आणि तुझी सही मागतात. हाच या शब्दाचा सारा प्रवास आहे. प्रथम तो गुण्याजवळ होता. मग शिक्षक घडवणाऱ्या शाळांना 'नॉर्मल स्कूल' म्हणू लागले, कारण तिथे नमुन्याबरहुकूम शिकवले जाई. एकोणिसाव्या शतकात तो वैद्यांच्या हाती गेला आणि निरोगी शरीर नॉर्मल ठरले. पुढे संख्याशास्त्रज्ञांनी बहुसंख्यांना नॉर्मल म्हटले. आता घोटाळा लक्षात घे. सुताराचा गुण्या फळी कशी असावी ते सांगतो. संख्याशास्त्रज्ञाची मोजणी फळ्या कशा आहेत ते सांगते. एकाच शब्दात 'असावे' आणि 'आहे' ही दोन्ही विधाने कोंबली गेली, आणि बोलणाऱ्याला सोयीनुसार एकाच्या आडून दुसरे म्हणता येऊ लागले. विशेष म्हणजे 'एनॉर्मस' हा शब्दही याच गुण्याचा. मुळात त्याचा अर्थ प्रचंड असा नव्हता, गुण्याबाहेर गेलेला असा होता.

काम गेल्यावरही धाकटा काम करतो, याला मी चारित्र्य म्हणेन.

आणखी दोनतीन उदाहरणे मिळाली तर पाहा. डॉक्टरच्या तोंडचे एखादे मिळाल्यास उत्तम.

दादा


२ फेब्रुवारी

दादा,

डॉक्टरच्या तोंडचं मिळालं.

मी ते तिसरं उदाहरण पाठवलं, तेव्हा तू ते उदाहरण म्हणून वाचणार नाहीस अशी माझी समजूत होती. चूक माझीच. फोन करणार होते, पण फोनवर तू 'लिहून पाठव' म्हणतोस, म्हणून लिहून पाठवते.

मागच्या आठवड्यात खात्याचे साहेब स्वतः घरी आले. लोकांच्या तक्रारी गेल्या होत्या. धाकट्याला म्हणाले, 'सळई जमा करा. ती खात्याची वस्तू आहे.' हा म्हणाला, 'सळई खात्याची असेल साहेब, कान माझा आहे.' सळई दिली त्याने. दुसऱ्या दिवशी लांबलचक स्क्रूड्रायव्हर घेऊन निघाला. त्याची मूठ कानाच्या हाडाला टेकवतो आणि टोक जमिनीला. जेवत नाही धड. चपलांचे तळवे गेले. मध्येच उठून भिंतीला कान लावतो, परत बसतो, परत उठतो. त्याच्या मागे माझाही डोळा लागत नाही, दादा.

म्हणून डॉक्टरकडे नेलं.

'केव्हापासून ऐकू येतंय?'

'गळती लागल्यापासून.'

'आणि गळती कधी लागली?'

'ते कळलं असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो?'

डॉक्टर हसले नाहीत. याला बाहेर बसवलं आणि मला म्हणाले, 'हे नॉर्मल नाही. काम सुटल्यावर काहींचं असं होतं.' ही गोळी घेतली की ते एका जागी बसतील, म्हणाले. आणि गोळीने भागलं नाही तर गावाबाहेर एक संस्था आहे, तिथे काही आठवडे ठेवावं. मी विचारलं, तिथे त्यांना हिंडू देतात का? डॉक्टर म्हणाले, 'हिंडणं थांबावं म्हणूनच तर पाठवतो.' घरातल्या मोठ्यांना विचारून पुढच्या भेटीला सांगा, म्हणाले.

घरातला मोठा तू आहेस. 'नंतर काय झालं' हे मला ठाऊक नाही. तुला विचारते आहे. त्याला कुलपात घालू की नको?

चिंगी


६ फेब्रुवारी

चि. चिंगीस,

पत्र पुन्हा पुन्हा वाचले. मला आधी कळायला हवे होते. आता वेळ दवडत नाही.

आवाज तीन ठिकाणी असू शकतो: जमिनीत, कानात किंवा मनात. डॉक्टरांनी पहिल्या दोन शक्यता न तपासता तिसरी उचलली, आणि 'नॉर्मल नाही' या शब्दांनी तपासाला पूर्णविराम दिला. हे मान्य करता येणार नाही. उलट धाकटा म्हणतो एवढ्यावरून आवाज जमिनीत आहे, हेही सिद्ध होत नाही. शिंपीणबाईंना तो येत नाही यावरूनही काही सिद्ध होत नाही, कारण त्यांनी साधन लावून ऐकलेलेच नाही. इथे हवा आहे तो त्याच जागी, त्याच साधनाने ऐकणारा दुसरा साक्षीदार.

तो साक्षीदार तू. धाकटा म्हणेल त्या जागी तो स्क्रूड्रायव्हर तू स्वतः कानाला लाव. तुला आवाज आला, तर दोघांच्या कानांत किंवा दोघांच्या मनांत एकच बिघाड एकाच वेळी झाला असे मानावे लागेल, आणि ते अशक्यप्राय आहे. म्हणजे आवाज बाहेर आहे. तुला आला नाही, तर मनाकडे जाण्यापूर्वी त्याचा कान तपासून घ्यायचा.

मला होय की नाही एवढेच कळव. वर्णन नको, कारणे नकोत. वर्णनात माणूस नकळत बाजू घेतो.

दादा


१३ फेब्रुवारी

दादा,

होय.

तू मागितलेलं उत्तर एवढंच. पुढचं वाचायचं नसेल तर वाचू नकोस.

स्वयंपाकघरात ओट्याखालच्या नळाला त्याने टोक लावलं, मूठ माझ्या कानाशी धरली, आणि उकिडवा बसून माझ्या तोंडाकडे बघत राहिला. 'आलं?' मी म्हटलं, थांब जरा. 'आता? बारीक, शिट्टीसारखं? आलं ना, ताई?' मी होय म्हणाले.

तो तिथेच फरशीवर टेकला. म्हणाला, 'मला वाटलं मी एकटाच.'

त्या दिवशी तो कुठे गेला नाही. पोटभर जेवला. बऱ्याच दिवसांनी माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली. मग आडवा झाला तो थेट उजाडल्यावरच उठला.

डॉक्टरना गोळी नको म्हणून सांगू का? तू म्हणशील तसं.

चिंगी


१७ फेब्रुवारी

चि. चिंगीस,

तुझ्या एका शब्दाने काम झाले. आवाज बाहेर आहे. गोळी देऊ नये, संस्थेचे नावही काढू नये. डॉक्टरांना माझा नमस्कार सांगून हे कळव.

धाकट्यास सोबत चार ओळी लिहिल्या आहेत, त्या त्याच्या हाती दे.

'बाळा, दोन माणसांनी एकाच साधनाने एकच आवाज ऐकला आहे. तर्काच्या दृष्टीने तो आवाज खरा मानला पाहिजे. कोणी काही म्हणो, तू शोध सोडू नकोस. गळती सापडेपर्यंत न थांबणे, यातच सुसंगती आहे. दादा.'

नॉर्मल या शब्दाची नोंद पुरी झाली. उद्या 'प'ला हात घालतो.

दादा


२० मार्च

दादा,

मधे तुझी दोन पत्रं आली. उघडली नाहीत. आज सगळं एकदम लिहिते. मधे थांबले तर परत लिहिणं होणार नाही.

तुझ्या चार ओळी त्याने घडी करून खिशात ठेवल्या. मग आधी आपलं स्वयंपाकघर खणलं. फरशी उचकटून, खाली पार नळापर्यंत. नळ ठणठणीत कोरडा. तो म्हणाला, 'आवाज लोखंडातून लांबून येतो. उगम समोर आहे.' आणि शिंपीणबाईंकडे गेला, तुझी चिठ्ठी दाखवली. 'आमचे दादा तर्कशास्त्राचे प्रोफेसर आहेत. त्यांनी सिद्ध केलंय.' त्यांना वाटलं, गंमत करतोय. परवा त्या कपडे पोचवायला गेल्या असताना याने त्यांच्या जिन्याची खालची पायरी काढली आणि पहार घातली. वरचा जिना टेकूशिवाय राहिला. तो खाली बसला, दादा, धाकट्याच्या पायावर.

घोट्याचं हाड मोडलंय. प्लास्टर घातलंय. शिंपीणबाईंचं मशीन वरच्या खोलीत, आणि वर जायला वाट नाही. हॉस्पिटलच्या दारात मला म्हणाल्या, 'तुमचे ते सिद्ध करणारे भाऊ येऊन शिवणारेत का माझे कपडे?' आणि रडल्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

जिन्याखाली पाणी नव्हतं. ओलसुद्धा नव्हती.

डॉक्टर म्हणतात, आता हयगय नको. सोमवारी त्याला हॉस्पिटलमधून परस्पर त्या संस्थेत हलवायचं.

आता ऐक. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. त्या मुठीतून मला माझं स्वतःचं रक्त वाहिल्यासारखं काहीतरी आलं, बाकी काही नाही. तो माझ्या तोंडाकडे असा बघत होता की 'नाही' म्हणायला जीभ रेटेना. आणि त्याला एकदा होय म्हटल्यावर तुला नाही कसं कळवू? तू तर वर्णनसुद्धा नको म्हणालास. वर्णन करू दिलं असतंस तर कदाचित त्यात माझं बिंग फुटलं असतं. हा तुझ्यावर आरोप नाही. आहेही थोडा.

चिंगी


२३ मार्च

चि. चिंगीस,

पत्र आत्ता मिळाले. उत्तर हातोहात पाठवतो आहे. सोमवारच्या आत पोचले पाहिजे. रागलोभाचे नंतर.

तुझी साक्ष वगळली की मांडणी बदलते. आवाज चौकात आहे, शाळेत आहे, मोरीत आहे, जिन्याखाली आहे. या साऱ्या जागांत समान असे काय? नळ नव्हे, ते सुके निघाले. समान आहे तो केवळ ऐकणारा. म्हणजे आवाज त्याच्या कानात असण्याचा संभव सर्वांत अधिक, आणि ती शक्यता अजूनही कोणी तपासलेली नाही.

एक सोपी परीक्षा आहे. त्याला दोन्ही कान तळहातांनी घट्ट बंद करायला सांग. बाहेरचा आवाज कान मिटल्यावर कमी होतो. आतला आवाज कमी होत नाही. बाहेरचे सारे गप्प झाल्यामुळे तो उलट अधिक जाणवतो. परीक्षा डॉक्टरांच्या समोर कर, आणि कान तपासल्यावाचून त्याला कुठेही हलवू देऊ नकोस. माझे नाव घालून ठामपणे सांग. मी रागीट आहे असेही सांग.

एक गोष्ट तुझ्या लक्षात आलीच असेल, तरी लिहितो. परीक्षा माझ्या अनुमानाप्रमाणे उतरली, तर त्याची संस्थेतून सुटका होईल आणि त्याचा कान गेला हे त्याला त्याच क्षणी कळेल. दुसरी वाट मला सापडली नाही.

दादा


३१ मार्च

दादा,

तुझ्या अनुमानाप्रमाणे उतरली.

वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर. तो पडल्या पडल्या भिंतीला कान लावून होता. 'इथेही आहे बघ,' म्हणाला. मी डॉक्टरना बोलावून आणलं आणि त्याला म्हटलं, दादाने सांगितलंय, दोन्ही कान मीट आणि आवाजाचं काय होतं ते सांग.

'दादाने?' एवढं म्हणाला आणि कान मिटले. त्याचा चेहरा बदलत गेला तो मी पाहिला, दादा. एरवी ऐकताना त्याचा चेहरा कसा असतो ते तुला माहीत नाही. डोळे अर्धे मिटलेले, ओठ दुमडलेले. तसाच होता, आणि मग डोळे उघडले. हात काढले. परत लावले. परत काढले. जन्मभर ऐकून खुणा करत आला, त्याला समजावून सांगावं लागलं नाही.

'वाढला,' म्हणाला.

डॉक्टर बाहेर गेले आणि कान तपासणारीला घेऊन आले. तिने यंत्र लावलं, बटणं दाबायला लावली. मग म्हणाली, 'काका, उंच पट्टीचं ऐकणं बरंच गेलंय. कानाकडून जे येत नाही, त्या जागी मेंदू स्वतःच शिट्टी भरतो. रस्ते फोडायच्या यंत्राजवळ काम केलंत ना? मग या वयात हे नॉर्मल आहे.'

'बरं होतं?'

'सवय होते.'

'नॉर्मल,' तो म्हणाला. पुढचं पुटपुटला, तिला ऐकू जाणार नाही असं.

हे तुझ्या कोशासाठी. नंतर काय झालं तेही सांगते. ती गेल्यावर त्याने मला विचारलं, 'ओट्याखाली तुला आलं होतं ना?'

'नाही.'

'मग होय का म्हणालीस?'

'एकटाच हिंडत होतास.'

त्याने तोंड भिंतीकडे केलं. त्यानंतर माझ्याशी एक अक्षर बोललेला नाही.

संस्थेचं रद्द झालं. त्याला घरी आणला. पाय स्टुलावर ठेवून खिडकीत बसतो. ताट ठेवलं की जेवतो, उचललं की बघत नाही. शिंपीणबाई खालच्या मजल्यावर उसनं मशीन आणून शिवतात. ते इथवर ऐकू येतं, पण त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. गोळी न देता तो एका जागी बसला आहे. सगळ्यांना हवं होतं तसा. मी मात्र दिवसभर या खोलीतून त्या खोलीत फिरते आणि काही हातात घेतलं की कशासाठी घेतलं ते आठवत नाही.

चिंगी


५ एप्रिल

चि. चिंगीस,

नोंद फाडून पुन्हा लिहिली. शेवटचा अर्थ असा दिला आहे: 'पुढचे विचारणे थांबवण्यासाठी उच्चारलेला शब्द, होकारार्थी वा नकारार्थी, परिणाम तोच.' डॉक्टरांनी 'नॉर्मल नाही' म्हणून विचारणे थांबवले, कान तपासणाऱ्या बाईंनी 'नॉर्मल आहे' म्हणून. त्या बाईंचे विधान खरे आहे, पण ज्याचा कान गेला तो बहुसंख्य नव्हे, एक आहे. आणि त्याला मोजणीने काय समाधान व्हावे?

आता माझ्याविषयी. माझा प्रश्न तर्कशुद्ध होता. तो मी चुकीच्या माणसाला विचारला. ज्याला एका विशिष्ट उत्तराची गरज आहे, त्याला साक्षीला बोलावू नये, हे मी जन्मभर शिकवले. तुला त्या उत्तराची गरज होती हे तुझ्या फेब्रुवारीच्या पत्रात स्वच्छ लिहिलेले आहे. मी त्यातून वाक्ये वेचत होतो. शिंपीणबाईंना वेगळे पत्र लिहिले आहे. त्यात एकही युक्तिवाद नाही.

धाकट्याला एक सांगून पाहा. ज्या तराजूची चूक ठाऊक आहे, तो तराजू निकामी नसतो. चूक वजा करून वजन करता येते. त्याला आता स्वतःच्या कानातला आवाज ठाऊक झाला आहे. तो वजा करून उरेल ते बाहेरचे. हे त्याला पटण्याजोगे आहे असे मला वाटते, परंतु माझ्या वाटण्याची किंमत या प्रकरणात फारशी राहिलेली नाही, हेही जाणून आहे.

उत्तर लवकर पाठव. दुपारचे टपाल येऊन गेले की मी 'प' उघडतो आणि मिटतो.

दादा


२ मे

दादा,

लवकर पाठव म्हणालास आणि महिना गेला. कळवण्यासारखं काही नव्हतं. आता आहे, पण फार वेळ नाही. का ते शेवटी येईल.

तुझा तराजू मी त्याला सांगितला. खिडकीबाहेर बघत ऐकून घेतला. संध्याकाळी, अचानक, भिंतीला उद्देशून बोलल्यासारखा म्हणाला, 'दादाला म्हणावं, तराजूची चूक एकच राहते. ही सकाळी शिट्टी असते, दुपारी पाऊस, रात्री इंजिन. काय वजा करू?' माझ्याकडे पाहिलं नाही, पण बोलला. मी तेवढ्यावर आठवडा काढला.

प्लास्टर निघालं. काठी घेऊन उभा राहिला तो पहिल्यांदा गेला शिंपीणबाईंकडे. माझा जीव टांगणीला. बघते तर गवंडी जिना बांधतोय आणि हा बाजूला बसून त्याला विटा देतोय. बाई मशीनवरून ओरडत होत्या, 'त्यांच्या हातात पहार देऊ नका हो!' आणि हा म्हणाला, 'बाई, मी फक्त विटा देतोय. विटा गप्प असतात.' त्या हसल्या. मग आत जाऊन त्यांनी आणखी एक स्टूल आणून याच्या पायाखाली दिलं, म्हणजे अगदीच माफ केलं असं नाही, पण दिलं.

मागच्या आठवड्यात त्याने कपाटातून स्क्रूड्रायव्हर काढला. चपला घालून दारात उभा राहिला आणि म्हणाला, 'चल.'

'कुठे?'

'चौकात. माझा कान गेला, तुझा आहे ना?'

चौकात व्हॉल्व्हच्या झाकणाशी काठीवर रेलून त्याने टोक टेकवलं आणि मूठ मला दिली. या वेळी माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. मुद्दाम पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.

'काय येतंय?'

'काही नाही.'

'नीट ऐक.'

'काही नाही रे.'

'बरं,' म्हणाला, आणि पुढच्या झाकणाकडे निघाला. तिथेही काही नाही. शाळेशी काही नाही. बाजारात भाजीवाली म्हणाली, 'आता बहिणीलाही लावलं का वेड?' तर हा म्हणाला, 'ती शिकाऊ आहे, तिला बोलू नका.' दर ठिकाणी मी 'काही नाही' म्हणते आणि दर ठिकाणी तो 'बरं' म्हणतो. दादा, मला प्रत्येक वेळी वाटतं, आता हा वळून विचारेल, खरं का? विचारत नाही. रोज जातो आम्ही. माझे पाय सुजतात. घरी आल्यावर तो थकून झोपतो आणि मी जागी राहून कानातलं रक्त ऐकते.

काल पुलाच्या अलीकडच्या झाकणाशी मला काहीतरी आलं. अगदी बारीक. आलं की यावंसं वाटलं, ते कळेना. त्याची पाठ माझ्याकडे होती. होय म्हटलं असतं तरी त्याला पडताळता आलं नसतं, आणि नाही म्हटलं असतं तरी नाही. मी किती वेळ वाकून राहिले कोण जाणे.

'काय येतंय?'

मी म्हटलं, 'ठाऊक नाही.'

तेव्हा तो वळला. मार्चनंतर पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघितलं. म्हणाला, 'ताई, हे आपण दोघांनी आधी म्हणायला हवं होतं.' मग म्हणाला, 'उद्या सकाळी रहदारी नसताना परत ऐकू. तेव्हाही ठाऊक नसलं तर परवा.'

आता सकाळ आहे. तो दारात उभा आहे, काठीने उंबरा वाजवतोय. मला नक्की काय ऐकू येईल, आणि आलं तर ते खरं असेल का, याचा रात्रभर घोर लागलाय. पत्र इथेच थांबवते.

चिंगी